तळहाताएवढं रबर आणि गाडीची मजा

भाच्यानं सेकंडहँड गाडी घेतली, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चौदा इंची चाकं, आणि दोनच महिन्यांत त्याचा फोन, "मामा, गाडी मेल्यासारखी वाटते हो, चालवायला मजाच येत नाही, रिमॅप करून घेऊ का? एक्झॉस्ट पण बदलतो." रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं. मी म्हटलं पैसे खिशातच ठेव, रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, जानापावला जाऊन येऊ आणि मग ठरवू.

जानापाव म्हणजे महूच्या पुढे, मुंबईकडे जाणाऱ्या रोडवरून आत वळलं की डोंगरावर वळणं घेत चढणारा रस्ता, वर परशुरामाचं मंदिर, चंबळ तिथेच उगम पावते. पावसाळ्यात रविवारी अर्धं इंदूर तिथे असतं म्हणून आम्ही उजाडताच निघालो. त्या वळणांवर गाडीचं सगळं खरंखोटं बाहेर पडतं आणि त्यासाठी तीस-चाळीसचा स्पीड पुरतो, पळवावी लागत नाही.

चालवायला मी बसलो. पहिल्याच वळणावर स्टेअरिंग फिरवलं तर गाडी आधी एका बाजूला कलली, मग क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि मग वळली. पुढचे टायर पस्तीसलाच कुरकुरायला लागले. खड्ड्यातून बाहेर आल्यावर बोनेट दोन-तीनदा वरखाली डोलत राहायचं. म्हटलं रिमॅप वगैरे नंतर बघू, इथे इंजिनाचा काही संबंधच नाहीये.

आता मजा येते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण सगळा खर्च याच्यावर ठरतो. आपल्या शरीराला स्पीड कळत नाही. विमान आठशेनं चाललेलं असतं आणि आपण आरामात चहा पीत असतो. शरीराला कळतो तो स्पीडमधला बदल, त्यासाठी कानाच्या आत खास अवयव आहेत, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आपण वळतोय हे सांगतात आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या, ज्यांच्यात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, त्या पुढे-मागे-बाजूला बसणारा धक्का सांगतात. हातानं स्टेअरिंग फिरवलं आणि कानानं लगेच "हो, वळलो" म्हणून सांगितलं की मेंदू खूश. मधे उशीर झाला की गाडी मेलेली वाटते. भाच्याला जे खटकत होतं ते हेच होतं, त्याला फक्त नाव माहीत नव्हतं आणि इंजिन सोडून दुसरीकडे बघायचं सुचलं नव्हतं.

वर मंदिरापाशी गाडी लावली आणि त्याला चाकाशेजारी बसवून हिशोब करायला लावला. गाडी समजा ९०० किलोची, म्हणजे एका चाकावर २२५ किलो. टायरमधली हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. २२५ ला २.२५ नं भागा, १०० चौरस सेंटीमीटर आले. दहा बाय दहा, आपला तळहात झाला की! टायरची स्वतःची कडक भिंत पण थोडं वजन पेलते म्हणून हिशोब तंतोतंत नाही, पण अंदाज पक्का आहे. गाडी पळते, वळते, थांबते ते सगळं या चार तळहातांतून, आणि रिमॅप करून ताकद वाढवली तरी ती रस्त्यावर उतरणार याच तळहातांतून, म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला रुपया टायरवर टाकावा.

रबर रस्त्याला धरतं ते कसं हे बघण्यासारखं आहे. डांबरी रस्ता आपल्याला सपाट दिसतो पण जवळून बघितला तर नुसती खडी, टोकं आणि खाचा. वजनाखाली रबर त्या खाचांमध्ये शिरतं आणि टोकावरून सरकताना दबतं-उठतं, पण स्प्रिंगसारखं झटकन उठत नाही, आळसावल्यासारखं हळू उठतं. दाबताना जेवढी ऊर्जा घातली तेवढी परत येत नाही, फरकाची उष्णता होते, आणि तेच आपल्याला पकड म्हणून मिळतं. याशिवाय रबराचे रेणू दगडाला अगदी जवळून चिकटतात ते वेगळंच. दोन्हीसाठी रबर मऊ हवं. वय झालं की ऑक्सिजन, ओझोन आणि उन्हानं रबर कडक होत जातं, आणि आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात उघड्यावर उभी राहिलेली गाडी म्हटल्यावर विचारूच नका.

मोबाइलचा टॉर्च लावला, टायरच्या भिंतीवर बोट फिरवत गेलो. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे. एका बाजूला पूर्ण कोड नसला तर टायरच्या दुसऱ्या बाजूला बघायचं. भाच्याच्या टायरवर २२१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर होती, झिजीच्या खुणेपासून, म्हणजे १.६ मिलिमीटरपासून, कितीतरी वर, आणि त्यामुळेच आधीच्या मालकानं "टायर नवीनच आहेत" म्हणून सांगितलं होतं. पण नख रुतवून बघितलं तर रुतेना, आणि नक्षीच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा. भाचा काही बोलला नाही, उरलेल्या तीन चाकांचे आकडे स्वतःच वाचत फिरला.

साइजचं काय करायचं? त्याला सतरा इंची अलॉय हवे होते. मी नाही म्हटलं आणि कारण फिजिक्सचं आहे. चाक पुढे पण जातं आणि स्वतःभोवती पण फिरतं, म्हणून कडेला असलेलं एक किलो वजन पिकअपच्या दृष्टीनं जवळपास दोन किलोसारखं वागतं, आणि मोठ्या रिममध्ये नेमकं वजन कडेलाच वाढतं. वर त्याच्या गाडीच्या टायरची भिंत एवढी पातळ झाली असती की खड्ड्यात रिमच वाकणार. त्याच्या गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १८५/६५ आर १५ देते, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद, भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, आणि त्याच्याकडे १६५/८० आर १४. दोन्हीचा व्यास काढा, एक ६२० मिलिमीटर, दुसरा ६२२, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ तोच दाखवणार. फरक भिंतीत, १३२ वरून १२० मिलिमीटर, म्हणजे वळताना रबर कमी वाकतं आणि उशीर कमी होतो. रुंद टायरमुळे तळहात मोठा होतो असं सगळे समजतात, तसं फारसं होत नाही, हवा तीच तर क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं, फक्त आकार बदलतो, लांबट ऐवजी आडवा होतो, आणि वळणात तोच बरा पडतो. कंपनीनं दिलेल्या साइजमध्ये राहण्याला अजून एक कारण, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

हवेचं मात्र फुकटात होतं. पंपावर न विचारता ४० भरून देतात, मग तळहात छोटा होतो आणि गाडी रस्त्यावर उड्या मारते. दरवाज्याच्या चौकटीवर जो स्टिकर आहे तोच आकडा, आणि तो थंड टायरचा. तापमान दहा डिग्रीनं बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून मे मध्ये बरोबर असलेली हवा डिसेंबरच्या सकाळी तीन-चारनं कमी भरते. स्वतःचा गेज घ्या, सकाळी घरीच मोजा.

मग अलाइनमेंट. पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती बघतात त्याला टो म्हणतात, तो थोडा जरी बिघडला तरी सरळ जाताना सुद्धा टायर रस्त्यावर घासत चालतात, आणि स्टेअरिंग मधोमध असताना गाडी नेमकी कुठे चाललीय ते हाताला नीट कळत नाही. काही शेकड्यांचं काम आहे. पण लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबर, फाटलेले असतील तर आधी ते बदला, नाहीतर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि ब्रेक मारला की चाक परत सरकतं.

बोनेट डोलत होतं ते शॉकरमुळे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते, ती परत देणारी ऊर्जा शॉकरमधलं तेल बारीक भोकांतून जाताना उष्णतेत खपवतं. शॉकर एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं थोडा थोडा मरतो, म्हणून रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. मूळ कंपनीचे नवीन शॉकर बसवले तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापणारे भेटतील, त्यांना हात जोडा, कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही आणि चाकाला वर जायला जागाच उरत नाही.

उतरताना मला खरी भीती वाटली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकचा पेडल आधीपेक्षा खोल जायला लागला, पायाला स्पंज दाबल्यासारखं. लगेच सेकंड गिअर टाकला, इंजिनवर गाडी धरली आणि बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, हा त्याचा गुणच आहे. डीओटी ४, हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा, त्याचं नवीन ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच हमी १५५ वर येते. आता बघा, हजार किलोची गाडी २०० मीटर खाली उतरली तर जवळपास वीस लाख ज्यूल सुटतात, सहा लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता, थोडी इंजिन आणि हवा खातात, बाकीची ब्रेकवर. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात, ऑइल दबत नाही पण बुडबुडा दबतो, आणि पाय खोल जातो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं, काही शेकड्यांचा खर्च. त्या गाडीचं कधी बदललं होतं, देव जाणे. सर्व्हिस बुकात एकही नोंद नव्हती.

रिमॅपचं म्हणाल तर त्याच्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, नाही. इंजिन आत जेवढी हवा ओढतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, सॉफ्टवेअर बदलून हवा काही वाढत नाही, म्हणून फायदा थोडकाच. टर्बो असता तर गोष्ट वेगळी होती.

आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्या तपासायचं केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तोच सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच आवारात ब्रेक, वळणं आणि खराब रस्ता तपासायचे वेगळे ट्रॅक आहेत, गाडी बनवणारे तिथे पण तासन् तास घालवतात.

भाच्यानं शेवटी ब्रेक ऑइल, बुश आणि अलाइनमेंट एका आठवड्यात उरकलं, टायर आणि पंधराचे रिम पुढच्या महिन्यात, शॉकर दिवाळीनंतर. परवा एकटाच जानापावला जाऊन आला आणि रात्री फोन, वळणांबद्दल दहा मिनिटं बोलत होता, मग म्हणाला, "मामा, डिक्की उघडून स्टेपनी बघितली, १११४ आहे, ही पण बदलू ना?"