इनबिल्ट ग्राफिक्सवर जड गेम चालवणं

वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या पीसी-लॅपटॉपवर, प्रोसेसरच्याच पोटात असलेल्या ग्राफिक्सच्या जोरावर भारी गेम खेळण्याजोगा करून घ्यायचा, त्यासाठी गेमच्या सेटिंग कमी-जास्त करायच्या, विंडोजमध्ये थोडी खटपट करायची आणि वेळ पडली तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन लॅपटॉपच खोलायचा, असा हा सगळा उद्योग. सोलापुरात याला ऑप्टिमायझेशन वगैरे कोण म्हणतंय, "सेटिंग मारून चालवतो की बे" म्हटलं की समोरच्याला कळतं. इंटेलचं यूएचडी ६२०, आयरिस एक्सई, एएमडीचं वेगा ८ ही यातली नेहमीची गिऱ्हाइकं.

अडचण नेमकी कुठंय ते आधी बघू. ग्राफिक कार्डाला स्वतःची मेमरी असते, म्हणजे घरी बोअर असल्यासारखं. इनबिल्टला तसलं काही नाही, ते साध्या रॅमवरच भागवतं आणि त्याच रॅमवर प्रोसेसरही असतो, म्हणजे अख्ख्या वाड्याला एकच नळ आणि दोघांच्या घागरी लायनीत. डीडीआर४ २६६६ या रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला साधारण २१ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ड्युअल चॅनल (एकाच वेळी दोन वाटा) होऊन ४२ च्या आसपास. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाच्या जीडीडीआर५ मेमरीवाल्या मॉडेलला एकट्याला १२८ जीबी मिळतात. त्यामुळं मेन्यूत शिरायच्या आधी रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते बघायचं, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी सेटिंग आणि नेमकी हीच गेमच्या मेन्यूत नसते. माझ्या यूएचडी ६२० वाल्या लॅपटॉपात ८ जीबीची एकच स्टिक होती, दुसरी टाकल्यावर जीटीए ५ मध्ये जिथं सेकंदाला २० फ्रेमवर (म्हणजे २० चित्रांवर) रडत होता तिथं २८-२९ यायला लागले, बाकी कशाला हात लावला नव्हता. आयरिस एक्सईची तर गंमतच आहे, रॅम सिंगल चॅनल असेल तर विंडोज त्याला आयरिस म्हणतच नाही, नुसतं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं, आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. बायोसमधून (मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) ग्राफिक्सला ५१२ एमबीऐवजी २ जीबी राखून ठेवता येते काही एएमडी मशीनवर, पण त्यानं नळ काही मोठा होत नाही, फक्त मेमरी कमी आहे म्हणून चालूच न होणारा एखादा गेम चालू होतो.

मग रेझोल्युशन. १९२० बाय १०८० म्हणजे दर फ्रेमला २० लाखांवर पिक्सेल, १२८० बाय ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार, निम्म्याहून कमी काम. चित्र जरा पुसट दिसतं, ते सावरायला एफएसआर, म्हणजे लहान चित्र मोठं करून नीट दाखवणारी सोय, आहे, एएमडीनं २०२१ मध्ये आणलं पण इंटेलवरपण चालतं. डीएलएसएस या तसल्याच दुसऱ्या सोयीच्या नादी लागू नका, त्याला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्डच लागतं. पण ७२० च्या खालून एफएसआरनं वर ओढलं की झाडाची पानं वळवळल्यासारखी दिसतात, माझं तर डोकं दुखतं.

मेन्यूत पहिल्यांदा शॅडो, मग एमएसएए (कडा गुळगुळीत करणं), रिफ्लेक्शन, अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-खाचांतली सावली), धुकं-प्रकाशाचे व्हॉल्यूमेट्रिक प्रकार, सगळं लो किंवा बंद. जीटीए ५ मध्ये गवताची सेटिंग वेगळी आहे, शहरात फिरताना काही फरक नाही पण डोंगराकडं गाडी वळवली की फ्रेम धाडकन पडतात, ती नॉर्मलवर ठेवायची. टेक्स्चरचं (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचं) मात्र लोक चुकीचं सांगतात, "त्यानं एफपीएस (सेकंदाचे फ्रेम) कमी होत नाही" हे स्वतःची मेमरी असलेल्या कार्डाला खरं, इथं ८ जीबीतच विंडोज, ब्राउझर आणि गेम तिघं बसलेले असतात, हाय टेक्स्चर टाकलं की वळणावर मशीन अटकायला लागतं. गर्दी आणि लांबचं दिसण्याची सेटिंग प्रोसेसरवर जास्त पडते, पण इथं वीज प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटून घ्यायची असते त्यामुळं तीपण कमी केलेली बरी.

ही वाटणी म्हणजे बारीक लॅपटॉपातल्या चिपचं बजेट, बऱ्याचदा सगळं मिळून १५ वॉट. गरम झाली की चिप स्वतःच वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर असतो, पंखा गरम हवाच आत ओढतो, पहिली १० मिनिटं गेम मस्त आणि मग लॅग सुरू, आणि पोरं सेटिंगला शिव्या घालतात. त्यात लॅपटॉप ठेवलेला असतो पलंगावर, सोलापुरी चादरीवर. खालची जाळी चादरीत रुतली की हवा जायला जागाच नाही, पाट घ्या, ताट पालथं घाला, काहीही करा पण खालून मोकळं ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागात घरात किंवा शेजारी पॉवरलूम असेल तर अजून एक लफडं, सुताचं तूस. एका मित्राचा लॅपटॉप खोलला तर पंखा आणि जाळीच्या मधे करड्या तुसाचा थर बसलेला, चिमट्यानं धरून ओढला तर नमद्याच्या पट्टीसारखा अख्खा निघाला. तेवढं काढून ब्रश मारला, सेटिंगला हात न लावता अटकणं थांबलं.

शेवटी फ्रेम बांधून टाकायचे. ६० मिळवायचे तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलीसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. मधेच ४५ मधेच २२ असं होण्यापेक्षा रिव्हाट्यूनर नावाच्या सॉफ्टवेअरनं ३० वर लॉक केलेलं डोळ्याला बरं वाटतं आणि चिपही कमी तापते. चार्जर लावूनच खेळायचं, बॅटरीवर वेग पडतो.

एवढं करूनही काही गेम चालत नाहीत. डूम: द डार्क एजेस (२०२५) ला रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण हिशेबानं दाखवायचं) हार्डवेअर लागतंच, यूएचडी ६२० मध्ये ते नाहीच, तिथं डाउनलोडला डेटा घालवू नका.