सुट्टीत मुलांबरोबर बेकिंग करताय? मग हे वाचा

मे महिना लागला की आमच्या दादरच्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला, हापूसचं काय बेक करता येईल हो? खरं सांगायचं तर काहीच नको. पिकलेला हापूस ओव्हनमध्ये गेला की पाणी सुटतं, वास जातो आणि पेटीचे पैसे वाया, त्यापेक्षा गार कस्टर्डमध्ये घाला नाहीतर नुसता चोखून खा. भाजायला घट्ट फळ लागतं, सफरचंद, अननस, फार तर जरा कडक तोतापुरी.

सुरुवात क्रम्बलने करा, म्हणजे फळांच्या फोडींवर मैदा-बटरचा चुरा पसरून भाजायचा. अंडं नाही, फेटायचं नाही, सगळं काम हाताचं, म्हणून पाच-सहा वर्षांचं पोरगंही खूश. 150 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम बटर (अमूलचं साधं बटर खारट असतं, वरून मीठ नको). शंकरपाळीच्या पिठाला मोहन चोळतो तसं बोटांनी चोळायचं, जाड रव्यासारखं दिसेपर्यंत. पण मुंबईचा उकाडा आणि मुलांचे गरम हात, बटर लगेच वितळतं, मग पीठ ते पिऊन टाकतं आणि वरचा थर कुरकुरीत व्हायच्या ऐवजी एक सलग पापडा होतो. म्हणून बटरचे तुकडे करून आधी फ्रीजमध्ये ठेवा, आणि चोळताना गोळा व्हायला लागला तर सगळं भांडंच दहा मिनिटं आत ढकला, तेवढ्यात पोरं ओटा पुसतील (पुसणार नाहीत, पण सांगून बघा).

खाली अर्धा किलो सफरचंदाच्या फोडी, दोन चमचे साखर, लिंबू, दालचिनी. अननस असेल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर लावा, नाहीतर तळाला नुसता रस. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) 180 डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवून 30-35 मिनिटं, वरून बदामी आणि कडेने रस खदखदायला लागला की झालं. ओटीजीची काच जाम तापते, मुलांना तिथून लांब ठेवा, आणि प्लग एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका.

ओटीजी नाही? कुकरमध्ये क्रम्बल लाल होत नाही, केळ्याचा केक करा. तीन काळी पडलेली मोठी केळी (वेलची असतील तर सहा-सात) मुलांनाच कुस्करू द्या, त्यात अर्धा कप तेल, अर्धा कप दही, पाऊण कप साखर, मग दीड कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ, वर स्टँड, त्यावर मिश्रणाचा टिन, पाणी अजिबात नाही, मंद गॅसवर 40-45 मिनिटं, सुरी घालून कोरडी आली की बंद. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजणारा) लागतो.

केक बसला तर बहुतेक वेळा बेकिंग पावडर दमट झालेली असते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर फेकून द्या.

जेली करायची असेल तर जिलेटिनमध्ये ताजा अननस घालू नका, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम जेली घट्टच होऊ देत नाही, आधी शिजवून घ्या किंवा चायना ग्रास वापरा, त्याला फरक पडत नाही.

वरच्या मापाला सात इंची टिन बरोबर बसतो. टिन घ्यायला येताना ओटीजीची आतली रुंदी मोजून आणा, नुसतं लिटर सांगितलं तर आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो.