हिरव्या पाण्यातली कमान

जानेवारीत, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना, कोरेगावहून साताऱ्याला येत होतो. माहुलीचा पूल जवळ आला आणि मागच्या चाकातून टक्-टक् असा लयीत आवाज यायला लागला. गाडी कडेला घेतली, मेन स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं. रबरात बैलाच्या पत्रीचा खिळा रुतलेला होता, चपट्या डोक्याचा, रस्त्यावर घासून चकचकीत झालेला. उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या खुरांतून असे खिळे हंगामभर रस्त्यावर पडत असतात.

टायर ट्यूबलेस, आणि त्यात दोन महिन्यांपूर्वी पंक्चर सीलंट, म्हणजे भोक आतून आपोआप बुजवणारा द्रव, भरलेलं होतं. डिकीतली पक्कड काढून खिळा ओढला. फुस्स करून हवा सुटली, बोटांना गार लागली, हिरवट द्रवाचे चार-दोन थेंब उडाले. चाक फिरवून भोक खाली आणलं. मनात पाचापर्यंत मोजलं तोवर आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा झाला आणि थांबला. वाकून पाहिलं. भोकाच्या तोंडाशी हिरवा बुडबुडा होता आणि त्यातून केसाएवढा एक पांढरा धागा बाहेर डोकावत होता.

हा लेख त्या धाग्याबद्दल आहे, कारण या सीलंटबद्दल साताऱ्यात मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा समज एकच आहे: हा एक प्रकारचा डिंक आहे. विकणारा सांगतो, "एकदा टाका, टायर संपेपर्यंत पंक्चर नाही." माझा नेहमीचा पंक्चरवाला सांगतो, "ते हिरवं पाणी घालू नका साहेब, रिंग खातंय ते. आन् डिंकच हाय, वाळला की संपला." दोघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे, पण डिंकाची कल्पना चुकीची आहे.

डिंक का नाही, ते आकड्यांनी पाहू. मोटरसायकलच्या मागच्या चाकात साधारण ३३ पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. खिळ्याने ३ मिलीमीटरचं भोक पडलं, तर त्याचं क्षेत्रफळ ७ चौरस मिलीमीटर. त्या भोकातल्या बुचाला आतून ढकलणारं बल जेमतेम १६० ग्रॅम वजनाएवढं भरतं. एक मोठा कांदा तळहातावर ठेवला तर जेवढा भार लागेल, तेवढंच. म्हणजे बूच फार ताकदीचं असण्याची गरज नाही. अडचण वेगळीच आहे, ती वेळेची. एवढ्या दाबाखाली पाण्यासारखा द्रव ३ मिलीमीटरच्या भोकातून सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. चाकात घातलेला पाव लिटर द्रव सगळा त्या भोकापाशीच असता, तर दोन-तीन सेकंदांत संपून गेला असता. कुठला डिंक तीन सेकंदांत वाळतो?

मग "घट्ट आहे म्हणून थांबतो" असं म्हणावं, तर तेही टिकत नाही. सीलंट बाटलीत श्रीखंडासारखं दाट दिसतं खरं. पण त्यात घातलेला दाटपणा खास जातीचा असतो. स्थिर असताना घट्ट, ढवळलं की पातळ. भिंतीला लावायचा ऑईलपेंट असाच असतो: ब्रशखाली सहज पसरतो आणि ब्रश उचलला की ओघळत नाही. कारण त्यातल्या लांबलचक रेणूंचा गुंता प्रवाह सुरू झाला की एका दिशेने विंचरला जातो. हे विंचरणं किती जोरात होतं, ते भोकात मोजता येतं. मधला थर सेकंदाला २० मीटर पळतोय, भोकाच्या भिंतीला चिकटलेला थर स्थिर आहे, आणि दोघांत अंतर फक्त दीड मिलीमीटर. वेगातल्या फरकाला अंतराने भागा: दर सेकंदाला १३ हजारांच्या पुढे. एवढ्या ओढाताणीत तो दाट द्रव जवळजवळ पाण्यासारखा वागतो. म्हणजे जिथे अडवायची वेळ येते, नेमका तिथेच त्याचा दाटपणा कामाला येत नाही. दाटपणा कशासाठी ठेवलाय ते पुढे सांगतो.

अडवतात ते धागे.

बहुतेक सीलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण असतं. ग्लायकॉल ओलावा धरून ठेवतो, म्हणून महिनोन्महिने द्रव सुकत नाही. डिंकाच्या नेमकं उलट. या मिश्रणात बारीक तुकडे केलेले तंतू, रबराची भुकटी आणि आणखी बारीक चूर्ण तरंगत ठेवलेलं असतं. काही सीलंटमध्ये ॲरामिड तंतू असतात, म्हणजे स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली शोधलेल्या, बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्या केवलारच्या जातीचे. पातळ लॅटेक्सवर, म्हणजे रबराच्या चिकावर आधारलेला दुसराही प्रकार मिळतो. तो खरोखरच साकळून घट्ट होतो, पण वाटेत अडकलेल्या माणसाला गॅरेजपर्यंत पोहोचवणं एवढंच त्याचं काम. कायम भरून ठेवायचं सीलंट ते हे धाग्यांचं.

धागे काय करतात ते मी स्वयंपाकघरात करून पाहिलं. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं. साधं पाणी भरून, झाकण लावून बाटली दाबली, तर धार ओट्यापलीकडे गेली. मग तांदळाची दाट पेज भरली. धार जाड झाली, थांबली मात्र नाही. मग सुतळी पिंजून तिचे सेंटीमीटरभर लांबीचे तुकडे केले आणि पेजेत कालवले. आता बाटली दाबल्यावर धार सुरू झाली, थरथरली, दोन ठिकाणी फुटली आणि थेंबांवर आली. आणखी जोरात दाबलं. मला वाटलं होतं की बूच उडेल. उलट थेंबही थांबले.

मग हात सैल सोडला. बाटली फुगून मूळ आकारात आली, भोकातून हवा आत ओढली गेली आणि त्याबरोबर धाग्यांचा गोळा आत गळून पडला. पुन्हा दाबलं तर धार पहिल्यासारखी.

हे पाहिल्यावर मला लिंब गावची बारा मोटांची विहीर आठवली. थोरल्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर साताऱ्याजवळच आहे, आणि तिच्या दगडी कमानी आजही उभ्या आहेत. कमानीतला प्रत्येक दगड खाली पडू पाहतो. पण वरचा भार त्याला शेजारच्या दगडांमध्ये घट्ट दाबून धरतो, म्हणून तो पडू शकत नाही. भार जेवढा वाढेल तेवढे दगड एकमेकांत पक्के होतात. खालून वर कुणी रेटा दिला, तर मात्र तीच कमान विस्कटेल. भोकातले धागे अशीच कमान रचतात. द्रवाबरोबर ओढला गेलेला एखादा धागा भोकावर आडवा पडतो, मोरीच्या जाळीवर काडी अडकावी तसा. त्याच्यावर दुसरा, तिसरा. आणि टायरमधली जी हवा त्यांना बाहेर ढकलते आहे, तीच त्यांना एकमेकांत आवळते. एकेरी कमान. टायर माझ्या बाटलीसारखा कधी आत श्वास घेत नाही, म्हणून ती टिकते.

पण नुसत्या धाग्यांच्या जाळीतून हवा जाईलच. तिथे काँक्रीटची युक्ती कामाला येते. स्लॅब ओतताना आपण नुसती खडी वापरत नाही. खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरतं. सीलंटमध्ये धाग्यांच्या जाळीत रबराचे कण अडकतात, त्यांच्या फटींत चूर्ण, आणि उरलेल्या केसाएवढ्या वाटांमध्ये तो दाट द्रव. इथे मात्र प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे त्याचा दाटपणा परत येतो आणि शेवटची हवा तो अडवतो. तेलविहिरी खोदणारेही खडकातल्या छिद्रांतून आणि भेगांमधून चिखल वाहून जाऊ नये म्हणून त्यात असेच कण मिसळतात. त्यांचा ठोकताळा असा, की कण छिद्राच्या किमान एक तृतीयांश आकाराचे असले तर पूल बांधतात, त्याहून लहान असले तर निसटून जातात. म्हणूनच प्रत्येक सीलंटला भोकाच्या मापाची मर्यादा असते. बाटलीवर ६ मिलीमीटर लिहिलं असेल, तर चाकात घुसलेल्या सळईच्या तुकड्याला ते पुरणार नाही.

डिंक नसण्याचा आणखी एक फायदा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात ते भोक रस्त्याखाली चेपून पुन्हा उघडतं. वाळलेला डिंक तासाभरात तडकला असता. ओल्या धाग्यांचं बूच घोंगडीसारखं दबतं आणि परत फुलतं.

आता ही सामग्री भोकापर्यंत पोहोचते कशी? चाकाच्या फिरण्याने. त्याच वेगाला टायरच्या आतल्या बाजूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९० पट जोराने द्रव बाहेरच्या दिशेला दाबला जातो. पाव किलो द्रव तेव्हा २० किलोंच्या वर वजन असल्यासारखा टायरला आतून टेकलेला असतो, साधारण दीड मिलीमीटरच्या थरात. इथे मोटरसायकलची एक खास अडचण आहे. गाडी वळणावर झुकावी म्हणून तिचा टायर आडव्या छेदात गोल असतो. द्रव धाव घेतो तो अक्षापासून सगळ्यात दूरच्या जागी, म्हणजे टायरच्या मधल्या पट्ट्याकडे. दाटपणामुळे थोडा थर कडेलाही चिकटून राहतो, पण कडेचं भोक मधल्या भोकाइतकं भरवशाने बुजत नाही. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं, तर सीलंटच्या नादी लागू नये, तो टायर बदलावा.

ट्यूबच्या टायरमध्ये मात्र निकाल बराच वाईट लागतो, आणि त्याचं कारण पुन्हा कमानीतच आहे. ट्यूबलेस टायरचं रबर जाड असतं, खिळ्याची वाट लांब असते, आणि धागे त्या वाटेत पाचरीसारखे रुततात. ट्यूब मिलीमीटर-दीड मिलीमीटर जाडीची, त्यात फुग्यासारखी ताणलेली. टोचलं की भोक ओढलं जाऊन फाटतं. कमानीला टेकायला भक्कम खांबच मिळत नाहीत. शिवाय टायरमध्ये रुतलेला खिळा ट्यूबला पुन्हा पुन्हा टोचत राहतो.

पंक्चरवाल्याचं म्हणणंही ऐकायला हवं. मिश्रणात पाणी आहे, त्यामुळे गंज न धरणारी द्रव्यं त्यात नसली तर लोखंडी रिंग गंजते आणि ॲल्युमिनियमच्या रिंगवरही डाग पडू शकतात. ओल्या रबराला सोल्युशन चिकटत नाही, म्हणून पॅच मारण्याआधी आतला भाग धुऊन वाळवावा लागतो. तो जादा वेळ मागतो, तो रास्त आहे. व्हॉल्व्ह चोंदू नये म्हणून हवा भरताना तो चाकाच्या वरच्या बाजूला आणावा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतो. सांडलेलं सीलंट लगेच पुसा, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या वाटेत बाटली ठेवू नका.

जाहिरातीतला एक दावा मात्र मला खटकतो: "टायर थंड ठेवतं." टायर तापतो तो प्रत्येक फेऱ्यात चेपल्यामुळे. द्रव ती उष्णता टायरमध्ये एका जागेवरून दुसरीकडे पसरवेल, टायरबाहेर नेणार कशी? टायर थंड राहतो तो हवा बरोबर असल्याने. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणं आणि कारण न विचारता असा दावा मानणं, यांत मला अंतर दिसत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या या गावात तरी प्रत्येक दाव्यामागचं कारण विचारायची सवय आपल्याला असायला हवी.

सीलंट टायरमध्ये असो वा नसो, आठवड्यातून एकदा चाक हाताने फिरवून पाहा. सीलंट असताना खिळा दिसला तर तो काढा, भोक खाली आणा, थोडी गाडी चालवा, मग हवा मोजा. सीलंट नसेल तर खिळा काढू नका, पंक्चरच्या दुकानापर्यंत तोच तुमचं बूच आहे. आणि सीलंटने बुजलेलं भोकसुद्धा लवकरात लवकर नीट दुरुस्त करून घ्या. त्यातून शिरणारं पाणी टायरच्या आतल्या दोऱ्यांपर्यंत जातं, आणि स्टीलच्या तारा असल्या तर त्या गंजतात.

मी त्याच आठवड्यात गेलो. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली, टायर उतरवला आणि आतला हिरवा लेप फडक्याने बाजूला केला. भोकाच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा होता. आता आत दाब नव्हता. त्याने नख लावलं आणि तो अख्खा सुटून आला: आतल्या बाजूला रुंद, बाहेरच्या बाजूला निमुळता, शेपटाला तो एक पांढरा धागा. त्याने तो दोन बोटांत चोळला, उकलला, उजेडाकडे धरला.

"हा तर काथ्या हाय की," तो म्हणाला. "नळाच्या आट्यांवर गुंडाळत्यात, तसला. डिंक कुठाय ह्यात?"

आणि सोल्युशनची डबी शोधायला आत गेला.