स्लीपिंग बॅग परत आणायच्या आधी एवढं वाचा

(वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तंबूत झोपायला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

मुलं मोठी झाली, रिटायरमेंट झाली किंवा जवळ आली, चला आता परत जाऊया म्हणून सामान जमवायला येणारी मंडळी आमच्याकडे भरपूर, आणि तंबू कसा ठोकायचा हे त्यांना आम्ही शिकवायची गरजच नाही. पण एक फोन इतक्यांदा येतो की शेवटी म्हटलं छापूनच टाकू. "बॅग गरम नाहीये हो, रात्रभर कुडकुडलो, बदलून द्या." आम्ही विचारतो, खाली काय अंथरलं होतं? मग जरा शांतता. मग, "तो हवेचा बेड होता की, पाहुणे आले की काढतो तो."

बॅगेत काही दोष नसतो. आतलं फायबर म्हणा नाहीतर पिसं, ऊब धरतात ती त्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि तुमच्या अंगाखाली ते सगळं चेपून पापड होतं, म्हणजे पाठीखालून बॅग जवळजवळ नाहीच असं समजा. तिथलं काम मॅटचं. पाहुण्यांच्या बेडमध्ये नुसती मोकळी हवा, ती आतल्या आत फिरत राहते आणि तुमची ऊब जमिनीला नेऊन देते. बेड चांगला जाड आहे म्हणून गरम असेल असं वाटतं, तिथेच सगळे फसतात. जाडी हाडांसाठी असते, थंडीसाठी आर-व्हॅल्यू बघायची, म्हणजे मॅट ऊब किती अडवते त्याचा आकडा, जितका मोठा तितकी ऊब जास्त.

हा आर-व्हॅल्यूचा आकडा मॅटवर छापलेला असतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, २०१८ मध्ये तो मोजायची एकच पद्धत ठरवणारं एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं, त्यामुळे ते लिहिलेलं असेल तर दोन कंपन्यांचे आकडे सरळ शेजारी ठेवून बघता येतात. साध्या फोम मॅटचा साधारण २, उन्हाळ्यात तेवढा चालतो. रात्री कडक थंडी पडणार असेल तर ४ च्या पुढे जा. आणि आकड्यांची बेरीज होते बरं का, खाली २ चा फोम, वर ३ ची कॅम्पिंगची हवेची मॅट, झाले ५. म्हणून माळ्यावरचा जुना फोम धड असेल तर टाकू नका, आमची एक विक्री कमी झाली तरी चालेल.

बॅगेवरच्या आकड्यांचंही तसंच. कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे तापमानाचे तीन आकडे असतात, त्यातला फक्त कम्फर्ट वाचा. एक्स्ट्रीम म्हणजे झोप नव्हे, कसाबसा जीव वाचणं. हे आकडे ज्या युरोपियन मानकातून आले त्यात झोपणारा माणूस २५ वर्षांचा धरला होता, आपण कुठे पंचविशीतले! जिथे जाणार तिथल्या रात्रीच्या थंडीपेक्षा कम्फर्ट चार-पाच डिग्री खालचा बघून घ्या.

आता आमच्यावरचा राग. "हे लोक आधी जमिनीवर झोपायला लावतात," असं म्हणतात आमच्याबद्दल, आणि खरंय ते. दुकानातच मॅट अंथरून दहा मिनिटं, घरी झोपता तसं. कुशीवर झोपणाऱ्याचं खुब्याचं हाड पातळ मॅटमधून जमिनीला टेकतं, ते उभ्याने मॅट दाबून कळत नाही. परवा एक काका आडवे झाले, मस्त आहे म्हणाले, आणि मग उठताना गुडघ्याने दगा दिला, काकूंनी हात दिला तेव्हा उठले. दोघेही हसत होते पण मॅट नाही घेतली, कॅम्प कॉट, म्हणजे घडीची खाट घेतली, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. (कॉटवरसुद्धा मॅट लागतेच, खालून गार हवा खेळते.) आणि वापरलेली बॅग आम्ही परत घेत नाही, कारण दुसऱ्याच्या अंगाला लागलेली बॅग तुम्हाला नवी म्हणून विकायची नाहीये.

जुना तंबू असेल तर आधी घरीच उघडा. एका गृहस्थांनी त्यांचा आमच्या काउंटरवर उघडला, आतलं कोटिंग चिकट होऊन त्याचे पापुद्रे पडायला लागले आणि वास असा की दिवसभर दारं उघडी ठेवली. दमट जागी वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलं की असं होतं, ते दुरुस्त होत नाही. काठ्यांमधलं इलास्टिक सैल झालं असेल तर ते मात्र आम्ही बदलून देतो, तेवढ्यासाठी नवीन तंबू नका घेऊ.

लगेच विकत घ्यायचं नसेल तर मॅट आणि कॉट दोन रात्रींसाठी भाड्याने मिळतात, नंतर तीच घेतलीत तर भाडं किमतीतून वजा. येताना तंबूची आतली रुंदी मोजून आणा, कारण रुंद मॅट ६४ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि "दोन माणसांचा" म्हणून विकलेल्या बऱ्याच तंबूंत अशा दोन ठेवल्या की बोटभरही जागा उरत नाही. आणि घरची उशी आणा, मॅटवर पडून बघताना ती लागते.