मॉर्फिन सुरू होईल त्याच रात्री पोटाचं औषधही

जुलाब थांबवायला लोपरामाइडची गोळी घेतात. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवर 'म्यू' नावाचे ग्राही असतात, त्यांना चिकटून ती काम करते. मॉर्फिन, ट्रमॅडॉल, फेंटॅनिल ही तीव्र वेदनेवरची औषधंही त्याच ग्राहींना चिकटतात. म्हणजे जुन्या दुखण्यासाठी दर चार तासांनी मॉर्फिन घेणारा माणूस दिवसभर जुलाब बंद करणारं औषधही घेत असतो. त्याला खडा धरतो यात नवल नाही.

आत घडतं ते असं: मल पुढे सरकवणारी आतड्याची लाट मंदावते आणि आतडं जागच्या जागीच आवळत राहतं. पाचक स्राव घटतात. मल जितका रेंगाळेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. गुदद्वाराचा स्नायूही घट्ट होतो. मॉर्फिनने येणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांना काही दिवसांत सोसवू लागते. बद्धकोष्ठतेची मात्र शरीराला सवय होत नाही. 'आठवडाभर बघू, मग औषध देऊ' असं म्हणण्यात तो आठवडा रुग्णाच्या त्रासात जातो.

पुण्यातल्या घरांत अशा वेळी हात पहिल्यांदा इसबगोलाच्या डब्याकडे जातो. इथे तो आवरावा. अर्ध्या वाटी पाण्यात मोठा चमचाभर इसबगोल घाला आणि दहा मिनिटांनी वाटी तिरकी करा. पाणी ओघळत नाही, बुळबुळीत गोळा तेवढा सरकतो. हा गोळा पुढे ढकलायला हलतं आतडं आणि भरपूर पाणी लागतं. रुग्णाकडे दोन्ही कमी असतं, आणि मग तोच गोळा आत अडकून बसू शकतो.

हवं असतं ते आतड्याला ढकलायला लावणारं औषध: सोनामुखीपासून मिळणारी सेनोसाइड्स किंवा बिसाकोडिल. बिसाकोडिलच्या 5 मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या रात्री झोपताना घेतल्या, तर 6 ते 12 तासांनी, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुमारास पोट साफ होतं. ही गोळी कुटायची नाही, दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबरही घ्यायची नाही. तिचं आवरण जठरातच विरघळलं तर पोटात मुरडा येतो. मल कडक असेल तर जोडीला पाणी धरून ठेवणारं औषध लागतं: पॉलिएथिलीन ग्लायकॉल 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात, किंवा लॅक्टुलोज 15 ते 30 मिलिलिटर. लॅक्टुलोजचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस जातात आणि त्याने पोट फुगतं, हे आधीच सांगून ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम असलेली रेचकं टाळावीत. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. मॉर्फिनचा डोस वाढवताना 'आता पोटाच्या औषधाचं काय?' हे मात्र घरच्यांनी आठवणीने विचारावं.

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, पुरंदरचे अंजीर जरूर खावेत; पण नुसत्या खाण्याने हे भागत नाही. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टर सांगतील तेवढंच. फ्लॅटमधल्या कमोडवर बसताना पायांखाली 15-20 सेंटिमीटर उंचीचं स्टूल ठेवावं. गुडघे वर येतात, गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. वेळ नाश्त्यानंतर 20 ते 30 मिनिटांची. खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक हालचाल करतं.

शौच झालं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी. तीन दिवस खूण नसेल तर डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टर तपासून गुदद्वारातून ठेवायची बिसाकोडिलची 10 मिलिग्रॅमची वडी देऊ शकतात. ती बहुधा तासाभरात काम करते. एवढ्यानेही भागलं नाही, तर नॅलोक्सेगॉलसारखी, मेंदूतला वेदनाशमनाचा परिणाम तसाच ठेवून आतड्यातला अडथळा सोडवणारी औषधं आहेत. मॉर्फिन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये. वेदना उसळतेच, शिवाय अंगही मोडून येतं.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कित्येक दिवस शौच न होता अचानक पातळ होऊ लागणं. बऱ्याचदा आत अडकलेल्या खड्याच्या कडेने ते पाणी झिरपत असतं. त्याला जुलाब समजून लोपरामाइड दिलं तर खडा आणखी पक्का होतो. आणि पोट तट्ट फुगलंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, असं असेल तर घरी कुठलंच रेचक न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावं.