शालान्त गुणचित्र

शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगी विषयज्ञानाखेरीज कोणती कौशल्ये आणि कोणते स्वभावगुण असावेत, याचे शाळेने किंवा शिक्षणखात्याने केलेले लेखी वर्णन. अमेरिकेत यासाठी ‘पोर्ट्रेट ऑफ अ ग्रॅज्युएट’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. तिथला हा ग्रॅज्युएट म्हणजे बारावी पूर्ण केलेला विद्यार्थी, मराठीतला पदवीधर नव्हे.

चिकित्सक विचार, सर्जनशीलता, संवाद आणि सहकार्य ही चौकडी अशा वर्णनांत बहुधा असतेच. व्हर्जिनिया राज्याने तिला नागरिकत्वाची जोड दिली आणि २०१८-१९ मध्ये नववीत आलेल्या तुकडीपासून आपले गुणचित्र लागू केले. स्कॉटलंडच्या अभ्यासक्रमात चार क्षमता आहेत, न्यूझीलंडच्या २००७ च्या अभ्यासक्रमात पाच, तर इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या यादीत दहा गुण. सिंगापूरची मांडणी यांत सर्वांत विचारपूर्वक वाटते, कारण तिथे एकच गुण वयानुसार चढत जातो. प्राथमिक शाळा संपताना मुलाला चांगले-वाईट ओळखता यावे, माध्यमिक संपताना त्याच्यात सचोटी असावी आणि त्यापुढच्या टप्प्यावर जे योग्य त्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य असावे. दहा वर्षांच्या मुलाकडून त्या धैर्याची अपेक्षा तिथे कोणी धरत नाही.

शाळेने माणूस घडवावा ही अपेक्षा जुनीच. ती लेखी आणि सरकारी होण्याला वेग आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९६ मध्ये युनेस्कोसाठी झाक देलॉर यांच्या आयोगाने जाणणे, करणे, एकत्र जगणे आणि ‘असणे’ (म्हणजे स्वतःचे व्यक्तिमत्त्व फुलवणे) शिकणे, असे शिक्षणाचे चार आधारस्तंभ मांडले. अर्थशास्त्रज्ञांनाही याच सुमारास या विषयात रस वाटू लागला. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्यांना जीईडी ही समकक्ष परीक्षा देता येते. जेम्स हेकमन यांनी दाखवले, की ती उत्तीर्ण झालेले लोक बुद्धिमापनात शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या जवळपास असतात, पण कमाईत बरेच मागे पडतात. नेमाने हजर राहणे, हातचे काम तडीस नेणे अशा बाबतींत या दोन गटांत असलेला फरक त्या परीक्षेच्या गुणपत्रिकेत उतरत नव्हता.

हे गुण स्वतंत्र विषयासारखे शिकवता येतात का, याबद्दल मात्र शंका आहेत. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा जमणाऱ्या मुलाला रसायनशास्त्राच्या प्रयोगातली चूक दिसेलच असे नाही. चिकित्सेला त्या त्या विषयाची माहिती लागते. स्वभावगुणांचेही तसेच. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात हजारो मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. एका चाचणीत उत्तरपत्रिका गोळा करून गुपचूप त्यांची नक्कल करून ठेवली जाई. मग मूळ पत्रिका उत्तरसूचीसह मुलांना परत देऊन स्वतःच तपासायला सांगत. कोणी कुठे खाडाखोड केली, हे नकलेशी ताडून कळे. वर्गात फसवणारे मूल खेळातही फसवेलच असे काही निघाले नाही; प्रामाणिकपणा बराचसा प्रसंगावर अवलंबून होता.

मोजमाप ही याहून मोठी अडचण. ‘मी मेहनती आहे’ या विधानापुढे खूण करताना मूल स्वतःची तुलना आजूबाजूच्यांशी करते. त्यामुळे कडक शिस्तीच्या शाळेतली मुले, प्रत्यक्षात जास्त अभ्यास करत असूनही, स्वतःला कमी गुण देऊ शकतात. चिकाटीवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या अँजेला डकवर्थ यांनीच, डेव्हिड येगर यांच्यासोबत २०१५ मध्ये, अशा प्रश्नावल्यांवरून शाळांचे मूल्यमापन करू नये असे बजावले. त्याच वर्षीच्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहकार्य मोजताना विद्यार्थ्यासमोर जोडीदार म्हणून संगणकीय पात्रे होती, आणि त्यांच्याशी बोलायचे ते तयार वाक्यांतून निवड करून. सर्वांना सारखाच जोडीदार मिळावा म्हणून ही योजना; पण खऱ्या गटात रुसणारा, किंवा सगळे काम दुसऱ्यावर ढकलणारा जो एक गडी असतो, तो तिच्यात बसत नाही.

म्हणून काही शाळा गुणांकनाऐवजी कामाचा संग्रह मागतात. विद्यार्थी वर्षभरातला एखादा प्रकल्प शिक्षक आणि बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडतो, पहिला कच्चा खर्डा आणि शेवटचे रूप शेजारी ठेवतो, आणि मध्ये काय बदलले व कोणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नांना उत्तरे देतो. या पद्धतीला वेळ फार लागतो आणि दोन शाळांची तुलना तिच्यातून जवळजवळ करता येत नाही.