घटपल्लवाची कुंडी

वेरूळला गेलात की खांबांकडे जरा निवांत बघा. कित्येक खांबांवर पोटाळ घट कोरलेला आहे आणि त्याच्या तोंडातून पानं ओसंडून खाली लोंबताहेत. हा घटपल्लव. भरलेलं भांडं आणि त्यातून उमलणारी पालवी. कुंडीची याहून देखणी कल्पना मला माहीत नाही.

म्हणून तशी कुंडी करायला घेतली. ओळखीच्या कुंभारकाकांनी चाकावर घट काढून दिला. दुसऱ्या दिवशी मी त्यावर कमळाच्या बोटभर जाड पाकळ्या चिकटवल्या. दोन दिवसांत चार गळाल्या, बाकीच्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. काका म्हणाले, "घट सुकत आला होता, पाकळ्या वल्ल्या. मग दोघांचं जमावं कसं?"

मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी असतं. पाणी उडालं की पापुद्रे जवळ सरकतात, भांडं आक्रसतं. घट आक्रसून झाला होता, पाकळ्यांचं आक्रसणं बाकी होतं; ताण सगळा सांध्यावर आला. आपल्या काळ्या मातीत तर मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. ते पापुद्र्यांच्या आतल्या थरांतही पाणी ओढून फुगतं, म्हणून उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीची कुंडी टिकत नाही. कुंभार त्यात नदी-तळ्याचा गाळ, राख, लीद मळतात. लिदीतला काडीकचरा ओल्या भांड्याला धरून ठेवतो, भट्टीत जळून जातो आणि मागे बारीक छिद्रं ठेवतो.

भट्टीत जाडीचा हिशेब आणखी कडक होतो. 100 अंशांच्या पुढे जाड पाकळीच्या पोटात राहिलेल्या ओलीची वाफ होते, वाट मिळाली नाही तर पाकळी फोडून बाहेर पडते. 500 अंशांच्या आसपास खनिजात रासायनिक बंधांनी अडकलेलं पाणीही निघून जातं. तिथून पुढे भिजवलं तरी भांड्याचा चिखल होत नाही. निवताना 573 अंशांना वाळूतलं क्वार्ट्झ एकदम आकुंचन पावतं, म्हणून भट्टी घाईनं उघडायची नाही. मातीत चुनखडीचा खडा राहिला असेल तर भट्टीत त्याची चुनकळी होते. पुढे ती हवेतली ओल पिऊन फुगते आणि चांगल्या भाजलेल्या कुंडीचा टवका उडवते.

नक्षी ठसठशीत हवी, पण जाडी नको. हा पेच तेरच्या कारागिरांनी सातवाहन काळातच सोडवला होता. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या मृण्मूर्ती जरूर बघा. त्यांतल्या अनेक दुहेरी साच्यातल्या आहेत: पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत दाबायची, मग सांधायची, आत पोकळ. गाल भरदार दिसतात, पण भिंत पातळ असते.

दुसऱ्या खेपेला मी पाकळ्या साच्यात दाबून पोकळ केल्या, घट ओला असतानाच लावल्या, वाफेसाठी मागे छिद्रं ठेवली आणि सगळं ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर सुकू दिलं. भट्टीतून निघाल्यावर काकांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. याच तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं मारून संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, अशी आख्यायिका आहे. पारख मात्र खरी आहे. भाजताना कण एकमेकांना चिकटलेले असले की कंप सगळ्या अंगातून फिरतो आणि खणखणीत आवाज येतो. तडा असेल तर तो कंप गिळतो, आवाज बद्द येतो. माझी कुंडी खणखणली.

आता तिच्यात मोगरा आहे. भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि 1 ग्रॅम पाणी उडताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, त्यामुळे मे महिन्यातही मुळांना गारवा राहतो. आमचं बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टोकांवरून पाणी जास्त वेगानं उडत असल्यानं पांढरी रेघ आधी पाकळ्यांच्या टोकांवर उमटते, कुणी खडूनं गिरवल्यासारखी. दर रविवारी ती मी ओल्या ब्रशनं पुसतो.